घरटी एक माणूस

मुलाखतीला आठ दिवस उरले होते आणि माझ्या तेवीस वर्षांच्या आयुष्यात सांगण्याजोगा एकही प्रसंग घडलेला नव्हता.

प्रसंगच हवा, असे आरोनने बजावले होते. पेणच्या कॉलेजात तो माझ्यापुढे दोन वर्षे होता. आता रोह्याच्या एका रंगांच्या कंपनीत नोकरीला होता, आणि तिथल्याच स्टोअरमधल्या जागेसाठी त्याने माझा अर्ज पुढे सरकवला होता.

‘‘आमचे नवे साहेब ज्ञान तपासत नाहीत, धनेश. अडचणीच्या वेळी तुम्ही काय केलंत, ते विचारतात. अडचण कोणती, तुझ्यावर काय येऊन पडलं, तू काय केलंस, शेवट काय झाला. आणि हे बघ, कविता वाचली असं सांगू नकोस. तीच अडचण समजतील.’’

मी हसलो, पण वहीचे पान कोरेच राहिले. माझी सगळी वादळे दुसऱ्यांच्या कवितासंग्रहांत घडलेली होती.

मग मला खांड आठवली.

आमची खारीची शेती धरमतरच्या खाडीला लागून. आदल्या वर्षी, भाद्रपदातल्या अमावास्येला, भरदुपारच्या भरतीने बांध फोडला. अशी खांड पडली की गावात हाक फिरते आणि घरटी एक माणूस बांधावर जातो. हा नियम कुणी लिहिलेला नाही आणि कुणी मोडत नाही. वडील वारलेले. आमच्या घरातून बांधावर आई गेली. मी घरात होतो. परीक्षा नव्हती, ताप नव्हता. पुस्तक होते.

संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत असताना मी वही उघडली.

‘‘आई, खांड कशी बुजवलीत ते सांग ना.’’

‘‘आता काय रं त्याचं?’’

‘‘सांग तर.’’

तिने सांगितले. पेंढ्याच्या मोळ्या टाकाव्यात आणि पाण्याने त्या काडीसारख्या ओढून न्याव्यात. तेव्हा तीच उतरली. छातीभर पाण्यात, भरतीकडे पाठ करून, मोळी पाठीशी घेऊन ती खांडीत उभी राहिली आणि ओरडली, आता टाका चिखल. तिला पाहून शिवा उतरला, मग केरू, मग बाकीचे. आधी माणसांची भिंत उभी राहिली, मग मातीची.

‘‘लिहितोस व्हय माझं?’’ पिठाचा हात तोंडाशी नेऊन ती लाजली. ‘‘मग शिवाचं बी लिही हां. नायतर बोलंल, जनीनं सगळं आपल्याच नावावर घेतलं.’’

मी मान हलवली आणि लिहीत राहिलो. प्रत्येक ओळीत तिला पाण्याबाहेर काढून तिच्या जागी स्वतःला उभे करीत.

रोह्याला टेबलापलीकडे तीन साहेब होते. प्रश्न आला. माझा आवाज कापला नाही. बोलता बोलता पाणी छातीला लागले, इतके ते सगळे माझ्या ओठांवर बसले होते. मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवले.

‘‘भीती नाही वाटली?’’

‘‘भीती वाटायला वेळच नव्हता, सर.’’

एवढे एकच वाक्य माझे स्वतःचे होते.

बाराव्या दिवशी पत्र आले. आई ओटीवर सुपात जवळा निवडत होती.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘सोमवारी हजर व्हायचं.’’

‘‘देव पावला. आन् माझं सांगितलंस का साहेबांना? त्या दिवशी लिहिलंस ते?’’

हो म्हणणे सोपे होते. जिभेवर ते आलेही.

‘‘सांगितलं. पण तू नव्हतीस त्यात. मीच उतरलो, असं सांगितलं.’’

सुपातला हात थांबला.

‘‘गार लागलं, बोललास का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग त्यांना खरं कसं वाटलं रं?’’ ती हसली. मनापासून हसली. ‘‘जाऊ दे. एकाच घरातली माणसं आपण. आन् तसा तू निघालाच व्हतास की.’’

‘‘मी?’’

‘‘‘तू हो पुढं, मी आलोच,’ असं बोलला व्हतास ना? खांडीतनं आपली खिडकी समोर दिसते. तू ती लावून घेतलीस, ते मी बघितलं. शिवाला बोलले, धर रं वाईच, माझा धनेश घरातनं निघाला. त्या जोरावर तर उभी राहिले. नायतर माझ्यानं कुठलं?’’ ती पुन्हा सुपावर वाकली. ‘‘मग वाटेतनं का फिरलास, ते कधी इचारलं नाय तुला.’’

खिडकी मी लावली होती, हे खरे. बांधावरचा आरडाओरडा आत येत होता आणि समोरच्या कवितेची ओळ पुन्हा पुन्हा तुटत होती.

‘‘निघालोच नव्हतो मी, आई. आवाज येत होता, म्हणून लावली.’’

तिने वर पाहिले नाही. निवडून झालेला जवळाच ती बराच वेळ बोटांनी चाळवत राहिली. मग पदराला हात पुसून तिने पत्र उचलले, पाकिटात घातले आणि माझ्या पुढ्यात सरकवले.

‘‘सोमवारी पहिल्या गाडीनं जा,’’ ती म्हणाली. ‘‘येतो असं बोललायस त्यांना, तर जा.’’