मधली फळी

मी होडी बोलतेय. हसू नका, आधी ऐकून तर घ्या. खाडीच्या तोंडाशी समोरासमोर दोन गावं आहेत आणि मी त्या दोघांची. म्हणजे खरं सांगायचं तर कोणाचीच नाही.

अलीकडचं गाव बडबडं. मी काठ सोडला की यांची पळापळ सुरू, "अहो थांबा, आलोच!" पलीकडचे वेळेआधीच येऊन रांगेत उभे, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. अलीकडचे म्हणायचे, "तिकडे हसायलासुद्धा परवानगी लागते." पलीकडचे म्हणायचे, "तिकडे घड्याळं शोभेला लावतात." हट्टीपणा मात्र दोघांचा सारखाच.

मला बांधलं तेव्हाच ठरलं होतं, डावी बाजू अलीकडच्यांनी सांभाळायची, उजवी पलीकडच्यांनी. म्हणून मी एका अंगाने निळी, दुसऱ्या अंगाने पिवळी. मला त्याची लाज नव्हती. दोन माहेरं असल्यासारखी मिरवायचे.

मग तळाची मधली फळी तडकली. म्हातारा नावाडी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना काठावर घेऊन आला.

"ही डावीकडे कुठे आहे?" अलीकडचे म्हणाले.

"उजवीकडेही नाही," पलीकडचे म्हणाले.

नावाड्याने कपाळावर हात मारला. "अहो, पण पाणी मधूनच येतंय ना!"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी गेले.

माझं सोडा. पण अलीकडच्या शिंपिणीची आई पलीकडे अंथरुणाला खिळलेली होती. शिंपीण रोज दुपारी मशीन बंद करून माझ्यातून जायची, आईला भरवून परत यायची. मी बंद पडले आणि लांबच्या वळशाने जाणारी सकाळची एकच बस उरली. मग ती सुट्टीच्या दिवशीच जाऊ लागली.

एका दुपारी ती धावत आली. आईचं काही खरं नाही, असा शेजारणीचा फोन आला होता.

"काका, सोडा होडी. मी पाणी उपसते."

नावाड्याने फटीत चिंध्या कोंबल्या, वर डांबर थापलं आणि मला पाण्यात लोटलं. देवाशप्पथ, मी जीव तोडून गेले. पण खाडीच्या मध्यावर चिंध्या सुटल्या. ती डब्याने उपसतच होती, तरी पाणी गुडघ्याला लागलं. नावाड्याने मला माघारी वळवलं.

"नको ना काका, थोडंच राहिलंय!"

"पोरी, दोघंही बुडू."

काठाला लागलो आणि तिचा फोन वाजला. तिने उचललाच नाही. मला धरून हमसून हमसून रडली.

आता मी वाळूत कलंडून पडलेय. नावाडी इकडे फिरकत नाही. मला फोडायचं ठरलंय, डावं लाकूड अलीकडे, उजवं पलीकडे. काल मधल्या फळीवरून हमरीतुमरी झाली. जाड लाकूड आहे ना, दोघांनाही हवंय! त्यासाठी पलीकडचे सकाळच्या बसने वळसा घालून आले होते.

बाबांनो, कोणीही न्या ती फळी. फक्त शिंपिणीच्या दारावरून नेऊ नका.