मेरीचा सिंह

मेरीने टांझानियात सिंह पाहिला ही बातमी मेरीच्याही आधी गावात, नंदाखालला, पोचली. तिनेच विमानतळावरून बहिणीला, लुसीला, फोन केला होता. लुसीला काही सांगणं म्हणजे पाटाला पाणी सोडणं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वाड्यांना मिळतं.

रविवारी रोझरीची प्रार्थना संपली की सगळ्यांना घरी बोलावून सिंह दाखवायचा, असं ठरलं. ठरवलं मेरीने. नवऱ्याला, म्हणजे फर्डिनंडला, तिने विचारलं नाही. फोटो त्याच्याच फोनमध्ये होते, तेव्हा त्याची काय अडचण असणार?

फर्डिनंडची अडचण एवढीच होती की फोनमध्ये सिंह नव्हता.

मेरीने सगळी नोकरी पहिलीच्या वर्गावर काढली. दरवर्षी ती फळ्यावर सिंह काढायची आणि दरवर्षी पोरं त्याला सूर्यफूल म्हणायची. निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, एकदा खरा बघायचा, म्हणजे कुठे चुकलं ते कळेल. फर्डिनंड कित्येक वर्षं म्हणत होता, "केळींना पाणी कोण देईल?" शेवटी मुलगा केविन म्हणाला, "मी देतो. तुम्ही जा एकदाचे."

जीपमध्ये मेरीने कामं वाटून दिली. "तुम्ही फोटो काढा, मी डोळ्यांनी बघते. एकाच कामाला दोघं कशाला?"

वाटणी चांगलीच होती. पण सेरेंगेटीच्या वाटेवर एक गाव लागलं आणि त्या गावात तांबडी केळी होती. फर्डिनंडने नंदाखालमध्ये तांबडी केळी पाहिली नव्हती असं नाही. पण असा लोंगर, एवढा घड, फण्यांवर फण्या, खाली केळफूल तसंच सोडलेलं, आणि टेकू म्हणून बाभळीची एकच फांदी? ड्रायव्हर म्हणाला, उजवीकडे हत्ती. फर्डिनंड फोन घेऊन डावीकडे होता.

म्हणून सिंह जीपच्या अगदी जवळ झाडाखाली आडवा दिसला आणि फर्डिनंडने फोन उचलला, तेव्हा फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही, आधी काहीतरी पुसा. फर्डिनंड खाली मान घालून पुसायला लागला. पण कुठला लोंगर पुसायचा? एकाचा फोटो हलला होता, पण फण्या बघत राहाव्यात इतक्या सुंदर. दुसरा बारीक होता, पण बिचारा उन्हात एकटा उभा होता. शेवटी मन घट्ट करून त्याने एकाचा बळी दिला आणि मान वर केली, तेव्हा सिंह गवतात गेलेला होता.

"मिळाला ना?" मेरीने विचारलं. तिचे डोळे भरले होते.

फर्डिनंडने मान हलवली. वर-खाली हलली ती.

आणि आता रविवार होता. खोली भरली होती, कटलेट फिरत होते आणि केविनने फोन टीव्हीला जोडला होता. पडदाभर केळ आली.

"थांब, थांब," शेजारचा जॉन खुर्चीतून उठला. त्याचीही वाडी केळीचीच. "ह्याला टेकू एकच?"

"एकच," फर्डिनंड म्हणाला.

"आणि मुळाशी काय घालतात?"

"शेण. आणि कॉफीची टरफलं."

"कॉफीची," जॉन म्हणाला, आणि खोलीत चर्चमध्ये असते तशी शांतता पसरली.

पुढची केळ आली. त्याच्या पुढचीही आली. पानांवरच्या करप्याबद्दल बोलणं निघालं, आणि फर्डिनंड भीती विसरून तोंडभर उत्तरं द्यायला लागला. एका फोटोत कडेला काहीतरी राखाडी आलं.

"मधेच हे काय आलं?" जॉनने विचारलं.

"हत्ती."

"हां. पुढे घे."

"भावजी," लुसी म्हणाली, "सिंह कुठल्या केळीमागे आहे?"

तेवढ्यात फोटो संपले. शेवटच्यात नुसती माती होती. मेरी उठून उभी राहिली.

"केविनचे पप्पा, सिंह?"

"मी पुसत होतो," फर्डिनंड म्हणाला.

"काय?"

"केळी. फोनमध्ये जागा नव्हती." त्याने जॉनकडे पाहिलं. जॉनला ते पटलेलं दिसलं, पण त्याचा उपयोग नव्हता. "फोटो नाही मिळाला, मेरी."

"फोटो जाऊ दे. तुम्ही बघितला की नाही?"

हा प्रश्न त्याने आठवडाभरात स्वतःलाही विचारला नव्हता.

"नाही."

मेरीने टीपॉयवरची कटलेटची बशी लुसीच्या मांडीवर ठेवली आणि टीपॉय भिंतीला सारला.

"झोपा इथे."

"कुठे?"

"खाली. तुम्ही सिंह."

फर्डिनंड खाली झोपला. नाही म्हणण्यासारखी त्याची बाजूच नव्हती. लुसीने स्वतःची शाल त्याच्या गळ्याभोवती आयाळ म्हणून गुंडाळली. मेरीने त्याचा डावा हात उचलून पुढे ठेवला. "पंजा असा. उजवा पोटाखाली." मग ती प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसली. "ही जीप. आधी त्याने जांभई दिली."

फर्डिनंडने जांभई दिली.

"एवढी नाही. तो जेवलेला होता."

फर्डिनंडने जेवलेली जांभई दिली.

"मग मान वळवली, सावकाश, आणि माझ्याकडे बघितलं."

फर्डिनंडने सावकाश मान वळवली. जमिनीवरून मेरी वेगळीच दिसत होती. दोन्ही हातांनी तिने जीपचा नसलेला गज धरला होता, चष्मा नाकावर घसरला होता, तोंड किंचित उघडं होतं, आणि पोरांसमोर फळ्यावर काहीतरी पहिल्यांदाच बरोबर उमटावं तशी ती बघत होती. तिकडे हे सगळं एका सिंहाला दिसलं होतं. फर्डिनंड शेजारच्याच सीटवर होता, मान खाली घालून.

"किती वेळ बघत होता गं?" लुसीने हळूच विचारलं.

"बराच वेळ," मेरी म्हणाली. "मग उठून गेला."

सगळे फर्डिनंडच्या उठण्याची वाट बघत राहिले.

"पप्पा, उठा आता," केविन म्हणाला.

"थांब जरा," सिंह म्हणाला, आणि बघत राहिला.