घरचीच जोडी

दात बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये दोघी जावा कामाला होत्या. थोरली दातांना रंग चढवायची, धाकटी साचे तपासायची. धाकटीला तिथे चिकटवलं होतं थोरलीनेच. लग्न होऊन आलेली ही मुलगी दिवसभर खिडकीत बसून असते, हे तिला बघवेना. लॅबमध्ये मग त्यांना कुणी नावाने हाक मारलीच नाही. थोरली आणि धाकटी, एवढंच.

रंगकामाचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी थोरली बसणार, हे सगळे धरून चालले होते. थोरलीलाही ती जागा हवी होती. तोंडाने कधी म्हणाली नव्हती. पण प्रमुखांच्या टेबलाजवळून जाताना तिथला दिवा आपण कुठल्या बाजूला सरकवू, हे तिने मनात ठरवून टाकलं होतं.

मध्येच भट्टीवरच्या दोघांची जुंपली. एकाने दुसऱ्याने बनवलेली अख्खी कवळी जमिनीवर आपटली. मालकांनी त्यावर उपाय म्हणून एक प्रशिक्षिका बोलावली. माणसाने आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायला शिकलं, की घर आणि काम दोन्ही सुधारतं, असं तिचं सांगणं. दर शनिवारी जेवणानंतर खुर्च्या समोरासमोर मांडायच्या. जोडीतल्या एकाने मनातलं बोलायचं. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शेवटी ‘तुझं म्हणणं असं, की...’ अशी सुरुवात करून ऐकलेलं जसंच्या तसं परत सांगायचं. आणि जोडीतलं बोलणं जोडीबाहेर जाता कामा नये.

“बाई, दातांचं काय ते विचारा,” भट्टीवाला म्हणाला. “जीभ आमच्या खात्यात येत नाही.”

सगळे हसले. बाईही हसल्या. नात्यातल्या माणसांनी एका जोडीत बसू नये, असं मात्र त्यांनी बजावलं. थोरलीने ऐकलं नाही.

“परक्यापुढे मी काय बोलणार? ही आमच्या घरचीच आहे. हिच्यासमोर बसवा.”

पहिले काही शनिवार ती गुडघेदुखीवर बोलली, पाण्याच्या टाकीवर बोलली. मग एकदा, का कोण जाणे, खरं ते बाहेर आलं.

“कुणी पाठीमागे येऊन उभं राहिलं ना, की माझा हात कापतो. लहानपणी वडील माझं अक्षर बघायला असेच मागे उभे राहायचे. अजूनही मानेवर श्वास जाणवतो. म्हणून अवघड दात मी सगळे जेवायला गेल्यावर करते. यांनासुद्धा माहीत नाही.”

धाकटीने मध्ये हूं की चूं केलं नाही. थोरलीचं बोलणं थांबल्यावर तिने एकेक वाक्य परत सांगितलं, मानेवरच्या श्वासासकट. थोरलीचे डोळे भरून आले. आपलं बोलणं इतक्या हलक्या हाताने कुणी झेलल्याचं तिला आठवेना.

पुढच्याच आठवड्यात मालकांनी तिला खोलीत बोलावलं.

“बसा, ताई. रंगकाम आपण धाकटीकडे सोपवतोय.”

“धाकटीकडे? ती तर साचे बघते.”

“रंगाचं बघायला तुम्ही आहातच. पण प्रमुख म्हटलं की डॉक्टर येणार, पाहुणे येणार, चार माणसं मागे उभी राहणार.” त्यांनी आवाज खाली आणला. आजाऱ्याशी बोलावं, तसा. “तुमच्या मानेवर उगाच कुणाचा श्वास कशाला?”

मानेवरच्या श्वासाबद्दल थोरली एकदाच बोलली होती. एकीशीच.

धाकटी साच्यांच्या खोलीत होती.

“तू सांगितलंस?”

धाकटीने हातातला साचा खाली ठेवला आणि पूर्ण वळून उभी राहिली. हात मोकळे, नजरेला नजर. शिकवलं होतं अगदी तशी.

“ताई, तुम्हाला राग आलाय, हे मला दिसतंय.”

“माझ्या रागाचं राहू दे. तू सांगितलंस का?”

“त्यांनी विचारलं, थोरलीला झेपेल का म्हणून. मला खोटं बोलवेना. तुमच्या काळजीपोटीच...”

“आणि तुला झेपेल, हे कुणाच्या काळजीपोटी सांगितलंस?”

धाकटीची मान खाली गेली. “ते त्यांनीच सुचवलं. मी नाही म्हणायला हवं होतं का?”

“आधी माझ्याकडे यायला हवं होतंस. एका जिन्याचं तर अंतर आहे आपल्या घरांत.”

घरी नवरा खुशीत होता. खालच्या मजल्यावरून भाऊ येऊन बातमी देऊन गेला होता. “जागा घरातच राहिली की! तुझ्याही डोक्याचा ताप गेला.”

“उद्या भावोजींनी तुमचं दुकान स्वतःच्या नावावर केलं, तरी असंच म्हणाल?”

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. “एवढं काय झालं? सांग तरी.”

तिने सांगायला तोंड उघडलं. पण यातलं किती हा सकाळपर्यंत भावाच्या कानावर घालेल, याचा अंदाज ती आधी घेऊ लागली. या माणसाबद्दल असा विचार तिने आजवर केला नव्हता. “काही नाही,” ती म्हणाली आणि ताटं मांडायला उठली.

सुट्टीच्या दुपारी धाकटी वर आली. नवरा बाहेर गेला होता. तिने स्वतःच खुर्ची ओढून थोरलीसमोर मांडली. चेहरा उतरला होता.

“ताई, एकदाच आपण शनिवारी बसायचो तशा बसू या? तुम्ही नुसतं ऐका. मला ना, पिवळट आणि राखाडी छटेतला फरक डोळ्यांना...”

“थांब.”

“ऐकून तर घ्या...”

“पुढे बोलू नकोस.”

“तुम्ही अजून रागावलेल्याच आहात.”

“हो. रागावलेय. त्या दिवशी माझा राग मला कळला नव्हता, आता कळतोय. म्हणूनच थांबवतेय. तू हे वाक्य पुरं केलंस, तर उद्या मी मालकांच्या खोलीत जाऊन ते जसंच्या तसं सांगेन. आणि मला बरं वाटेल.”

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. या वेळी ते शिकवलेलं नव्हतं, हे थोरलीला दिसत होतं.

“मग मी बोलू कुणाशी?”

थोरलीने खरोखर विचार केला. एकही नाव सुचलं नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “मलाही कुणी सापडलेलं नाही.”

मग ती उठली आणि धाकटी बाहेर जाईपर्यंत दार उघडं धरून उभी राहिली.