समासातली पेन्सिल

बँकेच्या कर्ज विभागात एक रीत होती. कुठल्या नियमपुस्तकात ती सापडली नसती, पण पगाराच्या तारखेइतकी पक्की. कर्जाची टिपणी खालच्या माणसानं शाईनं लिहायची. फक्त शेवटचा परिच्छेद, म्हणजे कर्ज द्यावं की न द्यावं, तेवढा कोरा सोडायचा. फाइल मोठ्या साहेबांकडे जायची. साहेब समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचे, 'द्या', नाहीतर 'नको'. फाइल खाली आली की खालच्या माणसानं तोच निर्णय आपल्या शब्दांत, आपल्या सहीनं लिहायचा आणि पेन्सिल खोडून टाकायची. मग साहेब त्याखाली 'पाहिले' एवढंच लिहून सही करायचे. बघा, किती सोपं! निर्णय साहेबांचा, मत तुमचं, आणि साहेबांनी काय केलं? तर पाहिलं.

खोडण्याच्या कामात ताईंचा हात धरणारं विभागात कुणी नव्हतं. तीस वर्षांची नोकरी, नाकासमोर चालणारी बाई. खोडरबर त्या स्वतःच्या पैशानं चांगल्यातला आणत. कागद चुरगळायचा नाही, काळा फराटा उठायचा नाही. लेखापरीक्षक यायचे असले की बाकीचे आपापल्या फायली ताईंच्या टेबलावर आणून टाकत, "ताई, तेवढं साफ करून द्या ना." आणि ताई करून देत. त्यांना त्याचा अभिमानही वाटे. आता ते आठवलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई.

झालं असं की शीतगृह बांधणारा एक बडा कर्जदार रातोरात पसार झाला. त्याच्या मागोमाग बँकेचा तळ दिसला. ठेवीदारांचे पैसे अडकले आणि बँकेच्या दारात सकाळपासून रांगा लागल्या. मोठ्या साहेबांनी पत्रकारांसमोर नैतिक जबाबदारी स्वीकारली, राजीनामा दिला आणि महिन्याभरात दुसऱ्या एका कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसले. नैतिक जबाबदारीचं एक बरं असतं. ती एकदा घेतली की दुसरी कुठलीच घ्यावी लागत नाही.

दुसरी जबाबदारी ताईंकडे आली. पाकिटातून. 'सदर कर्जाची शिफारस आपण केली असल्याने आपणांस सेवेतून बडतर्फ का करू नये, याचा खुलासा करावा.' बडतर्फ म्हणजे नोकरी जाणार, निवृत्तिवेतन जाणार आणि उरलेला जन्म 'ती बँक बुडवणारी बाई' म्हणून काढायचा. निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

"अगं, पण तू तर ते शीतगृहाचं गोदाम रिकामं आहे म्हणून सांगितलं होतंस," नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. ताई नोटीस घेऊन घरी न जाता थेट दुकानातच आल्या होत्या.

"सांगितलं होतं. तोंडी. मी स्वतः पाहून आले होते हो. चार भिंती आणि वर पत्रे. यंत्राच्या नावानं एक खिळासुद्धा नाही. साहेब म्हणाले, फाइल ठेवून जा. दुसऱ्या दिवशी समासात पेन्सिलीनं आलं, 'द्या. यंत्रं येतील.'"

"आणि तू?"

"मी लिहिलं, 'यंत्रसामग्री लवकरच बसवली जाणार असल्याने कर्ज देण्याची शिफारस करते.' आणि पेन्सिल खोडली." ताईंचा आवाज चढला. "सगळे तेच करत होते! नाही केलं तर फाइल महिनोन् महिने परत यायची. एकानं नाही ऐकलं तर त्याची बदली कुठे झाली माहीत आहे? पार शेवटच्या शाखेत. तिथे छतसुद्धा गळत होतं."

नवरा एक काच पुसत राहिला. मग म्हणाला, "साहेब पेन्सिल दाबून लिहायचे की हलक्या हातानं?"

"दाबून. टोक मोडायचं त्यांच्याकडून."

"मग कागदावर वळ राहिला असेल. उजेड तिरका पाडला की दिसतो." त्यानं गल्ल्यातून जाड काचेचं भिंग काढून दिलं. "चौकशीला जाशील तेव्हा खिडकीशी धर."

ताईंना इतकं हायसं वाटलं की त्या तिथेच, गिऱ्हाइकासमोर, रडल्या.

पण नुसत्या वळावर कोण विश्वास ठेवणार? साक्षीला माणूस हवा. ताईंच्या शेजारच्या टेबलावर बसणारा कारकून अठरा वर्षं हेच काम करत होता. त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण काहीही मागितलं की तो म्हणे, "देतो, सावकाश." दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला जिन्यात गाठलं.

"अरे, तू फक्त एवढंच सांग की पेन्सिलीची पद्धत होती. माझ्या फाइलचं नको बोलूस. नुसती पद्धत होती म्हण."

सावकाशनं आधी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "ताई, तुमच्यावर अन्याय होतोय, हे मला कळतंय. पण मी पद्धत होती म्हणालो की पुढचा प्रश्न काय येणार? तुम्ही किती फायली खोडल्या? माझ्या तर तीनशेवर असतील."

"म्हणजे मी एकटीनं मरायचं?"

"तसं नाही हो ताई. थोडं थांबा. सावकाश होईल सगळं नीट."

विभागात ताई सोडून बारा माणसं होती. ताईंनी बाराही जणांना विचारलं. एकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, एकाचं घराचं काम निघालं होतं, एकाला ऐकूच कमी यायला लागलं होतं. ज्यांच्या फायली ताईंनी साफ करून दिल्या होत्या, तेच आता त्यांना पाहून कपाट उघडून उभे राहायला लागले. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. चोर सोडून संन्याशाला सुळी, हे ताईंनी आयुष्यभर ऐकलं होतं. पण संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवायला अख्खा आखाडा धावतो, हे त्यांना आत्ता कळलं.

चौकशी बँकेच्याच तिसऱ्या मजल्यावर, सभेच्या खोलीत होती. चौकशी अधिकारी बाहेरून नेमलेले गृहस्थ होते. वाईट नव्हते. ताईंना त्यांनी आधी पाणी दिलं, मग फाइल पुढे सरकवली.

"हे अक्षर तुमचं?"

"माझं. पण निर्णय माझा नाही. साहेब, जरा खिडकीशी येता का?"

ते उठून आले. ताईंनी पान तिरकं धरलं आणि भिंग दिलं. समासात, टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदाशेजारी, कागद खोलगट झालेला स्पष्ट दिसत होता. 'यंत्रं' हा शब्द तर वाचताही येत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

"हे मोठ्या साहेबांनी लिहिलं होतं," ताई म्हणाल्या. "'द्या. यंत्रं येतील.' मला सांगितलं तेच मी शाईनं लिहिलं."

अधिकारी बराच वेळ पाहत राहिले. मग खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मॅडम, इथे काहीतरी लिहिलेलं होतं, हे मला मान्य आहे. अक्षर कुणाचं, ते ह्यावरून सिद्ध होणार नाही. पण ते खोडलेलं आहे, हे सिद्ध होतंय. कर्जाच्या कागदपत्रात खाडाखोड. हा शिफारशीपेक्षा मोठा गुन्हा आहे." त्यांनी कोपऱ्यात जबाब टंकत बसलेल्या टंकलेखकाकडे पाहिलं. "कुणी खोडलं?"

आपल्या पायावर धोंडा ताईंनी स्वतःच उचलून आणला होता, आणि वर भिंग लावून दाखवलाही होता.

अधिकाऱ्यांनी टंकलेखकाला हातानंच थांबवलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "उत्तर द्यायची घाई करू नका. मोठ्या साहेबांना मी ह्या फाइलबद्दल बेचाळीस प्रश्न विचारले. सदतीस वेळा ते म्हणाले, आठवत नाही. तुमच्या विभागातल्या बाराही जणांना काही आठवत नाही. तुम्हालाही आठवलं नाही, तर खाडाखोडीचा आरोप मी ठेवू शकत नाही. मग नुसता निष्काळजीपणा उरतो. दोन वेतनवाढी जातील. निवृत्तिवेतन वाचेल."

"आणि मोठे साहेब?"

"तुम्हाला आठवत नसेल, तर समासात कुणी काय लिहिलं, हे सांगणारं कुणीच उरत नाही."

ताईंना काय करावं ते कळेना. नवऱ्याचं दुकान आठवलं. दिवसाला चार गिऱ्हाइकं. चौदा महिने आठवले. मग सदतीस हा आकडा आठवला आणि मस्तकात तिडीक गेली. ह्या माणसाला कर्जदाराच्या नातवाचा वाढदिवस आठवायचा, आणि आता म्हणे आठवत नाही!

"मी खोडलं," ताई म्हणाल्या. "लिहा. मोठ्या साहेबांनी लिहिलं आणि मी खोडलं. ह्या फाइलमध्ये खोडलं, आणि आणखी शेकडो फायलींमध्ये खोडलं. मला सगळं आठवतंय. घ्या लिहून."

टंकलेखकानं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. जबाबाच्या प्रत्येक पानावर ताईंनी सही केली. जिना उतरताना तोंडावर फुकटचं हसू होतं. ते त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं.

हसू सहा आठवडे टिकलं. मग अहवाल आला. नवऱ्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं आणि मोठ्यानं वाचला. ताईंबद्दल चार पानं होती: कर्तव्यात कसूर, कागदपत्रात खाडाखोड, स्वतःच्या जबाबातच कबुली, सबब बडतर्फ. बारा जणांबद्दल एक अक्षर नाही. मोठ्या साहेबांबद्दल एक ओळ होती.

"'तत्कालीन प्रमुखांच्या भूमिकेबाबत एका कर्मचाऱ्याने कथन केले असून, त्याबाबत बँकेने अंतर्गत तपासणी करून निर्णय घ्यावा.'" नवऱ्यानं कागद खाली ठेवला. "एवढंच? सगळ्या अहवालात 'मी केलं' म्हणणारी तू एकटी, आणि तुलाच..."

"असू दे हो," ताई म्हणाल्या. "एक ओळ तरी आली. आता तपासणी होईल. झालीच पाहिजे." आपण हे त्याला सांगतोय की स्वतःला, ते त्यांना नीटसं ठाऊक नव्हतं.

पण जिवाला चैन पडेना. अंतर्गत तपासणी म्हणजे पुन्हा फाइल, पुन्हा टिपणी. ती लिहिणार कोण? चार दिवसांनी, दुपारी, न राहवून त्यांनी सावकाशला फोन लावला.

"ताई! कशा आहात?" तो मनापासून म्हणाला. "तुमच्या खुर्चीवर अजून कुणाला बसवलेलं नाही."

"अरे, ती मोठ्या साहेबांच्या तपासणीची फाइल कुणाकडे आली?"



"माझ्याकडेच आलीये, ताई."

ताई खुर्चीत ताठ बसल्या. "मग तू लिही! तुला सगळं माहीत आहे. तू अठरा वर्षं डोळ्यांनी पाहिलंस. चौकशी करावी, एवढं दोन शब्दांचं मत लिही. माझं गेलं ते गेलं, पण त्या माणसाला एकदा तरी उत्तर देऊ दे. लिहिशील ना?"

"ताई, हकीकत मी सगळी लिहिली आहे. अगदी व्यवस्थित. तुमच्या जबाबासकट."

"आणि मत?"

"तेवढा परिच्छेद कोरा ठेवलाय," सावकाश म्हणाला. "फाइल नव्या साहेबांकडे गेलीये. वरून काय येतंय ते बघू."

त्याला चांगलं खडसवावं म्हणून ताईंनी श्वास घेतला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की त्याच्या जागी आपण असतो तर आपणही फाइल अशीच वर पाठवली असती. त्यांना सावकाशचा राग आला नाही, आणि तो येत नाही याचाच त्यांना भयंकर राग आला.

"ताई? आहात ना?" तो विचारत होता.

"आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन कानाला तसाच धरून बसल्या.