मी नेमकी कोणत्या निकालाची?

मी एक तळटीप बोलतेय. पानाच्या तळाशी, रेघेच्या खाली, बारीक अक्षरांत माझा मुक्काम. वर कुणी ठासून काही म्हटलं, की "कशावरून?" याचं उत्तर मी द्यायचं. पण बराच काळ माझं मलाच कळत नव्हतं, की मी आहे तरी कोण!

माझा जन्म अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात, एका जेवणाच्या टेबलावर, अनयाच्या लॅपटॉपमध्ये झाला. अनया कायदा शिकते. काल्पनिक खटल्यात खऱ्यासारखी बाजू मांडायची एक स्पर्धा असते. त्यासाठीच्या कॉलेजच्या संघात तिला यंदा पहिल्यांदाच घेतलं होतं. खटला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापुढचा. लेखी बाजू संध्याकाळपर्यंत पाठवायची होती, आणि अनयाचा सगळ्यात दमदार मुद्दा माझ्या भरवशावर उभा होता. सरकारनं राहत्या घरातून काढलेला एक माणूस न्यायालयात जिंकला, असं वर लिहिलं होतं.

सुरुवातीला मी नुसती लांबलचक लिंक होते, कुठल्याशा लेखातून उचललेली. मग मला नाव मिळालं: त्या माणसाचं आडनाव, विरुद्ध, देशाचं नाव. मग अर्जाचा क्रमांक. आता एक तारीख मिळाली की मी पूर्ण होणार, म्हणून मी खुशीत होते.

तारखेसाठी अनयानं न्यायालयाच्या वेबसाइटवर क्रमांक टाकला, तर निकाल निघाले दोन! नाव तेच, क्रमांक तोच, तारखा मात्र वेगळ्या. त्यातला एक तर आधी फ्रेंचमध्येच उघडला. मी गोंधळून गेले. मी यातली कोणती?

"दोनदा अपलोड झाला असेल गं," तिची आई नीलांबरी भेंडी चिरता चिरता म्हणाली. "आमच्या ऑफिसात रोज होतं."

"आई, जजमेंट्स आहेत ती, इन्व्हॉइस नाहीत!"

अनया वाचू लागली आणि तिचा चेहरा उतरला. आधी सात न्यायाधीशांनी त्या माणसाच्या बाजूनं निकाल दिला होता. पण सरकारच्या विनंतीवरून प्रकरण सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे गेलं. तिथे तो हरला. पहिला निकाल कधी अंतिम झालाच नाही.

"वरच्या कोर्टात गेलं, तर नंबर बदलायला नको?" आईनं विचारलं.

"मलाही तेच वाटलं होतं! पण कोर्ट तेच आहे, आई. नंबरही तोच. फक्त जज जास्त."

तिनं संघातल्या शिवला फोन लावला.

"यार, नंबर मॅच होतोय ना? लीव्ह इट," तो म्हणाला. "कोण उघडून बघणार आहे?"

"नंबर मॅच होतोय, म्हणूनच तर फसलो ना!"

"मुद्दा काढलास तर तुझ्याकडे बोलायला उरतं काय? पुढच्या राउंडला कोच दुसऱ्या कुणाला उभं करेल. बघ बाबा."

अनयानं फोन ठेवला. तिनं मला पूर्ण सिलेक्ट केलं. मी निळी पडले. एक बटण दाबलं असतं, तर माझा कारभार आटोपला असता.

पण ती मोठ्या पीठाचा निकाल शेवटपर्यंत वाचत गेली. तिथे काही न्यायाधीशांनी आपलं वेगळं मत लिहिलं होतं: त्या माणसावर अन्याय झाला आहे. अनया खुर्चीत सरळ बसली. 'न्यायालयानं ठरवलं आहे' ही वरची ओळ तिनं खोडली आणि लिहिलं, 'न्यायालयानं याच्या उलट ठरवलं. तरीही अल्पमतातलं म्हणणं अधिक न्याय्य आहे, कारण...' मला दुसरी तारीख दिली, मोठ्या पीठाची खूण दिली, आणि वेगळ्या मताचा उल्लेख जोडला.

"तू आपलाच मुद्दा वीक करतेयस," नवी ओळ फोनवर ऐकून शिव कुरकुरला.

"वीक आहेच तो. पण जजनी विचारलं, तर मला खाली बघावं लागणार नाही."

"जेवून घे आता," आई म्हणाली.

फाइल गेली. आता माझ्यात काही बदलता येत नाही. पुढच्या राउंडला कोण उभं राहणार, ते अजून कुणाला ठाऊक नाही. माझाही गोंधळ पुरता गेलेला नाही. वर अनया म्हणते, तो माणूस बरोबर होता. खाली मी सांगते, तो हरला. एकाच पानावर आम्ही दोघी अशा उलट बोलतो, तरी खोटं कुणीच बोलत नाही. हे कसं, ते मला अजून नीटसं उमगलेलं नाही.

म्हणून एवढंच मागते. वरची ओळ मनासारखी असली, तरी एकदा खाली उतरून या. त्या हरलेल्या माणसाचं नाव सांभाळत मी इथेच आहे.