अभिमनच्या श्वासाची नस

मी एक जुनी नस आहे, मित्रांनो. अभिमनच्या अंगातली. शिकलेली माणसं मला मज्जापेशी म्हणतात. बूड मानेत अन् शेपूट थेट छातीखालच्या पडद्यापर्यंत. मी तो पडदा हलवते, तेव्हा गड्याला श्वास मिळतो. आम्ही दोघं एकाच वयाचे. कातडी नवी येते, नख नवं येतं. माझ्या जागी दुसरी येत नाही.

आता ऐका गंमत. माझं शेपूट पडद्याला चिकटलेलं नाही. मधे बारीक फट आहे. त्या फटीत मी रसायनाचा सांगावा फेकते. पडदा आवळतो. फटीत एक सफाईवाला बसलेला असतो, तो लगेच सांगावा मोडून टाकतो. पडदा सैल पडतो. मग पुढचा सांगावा. जन्मभर हेच केलं. कौतुक मात्र सगळं काळजाचं. मला कोण विचारतं!

काल एरंडोलकडच्या शेतात अभिमन कपाशीवर कीड मारायचं औषध फवारत होता. पंपाचं नोझल तुंबलं. त्यानं काढलं, तोंडात धरलं अन् जोरात फुंकलं. तिकडं सगळे असंच करतात.

बांधावरून त्याची बायको वच्छलाबाई ओरडली, "आहो, काडी घाला ना त्यामा! तोंड नका लावू!"

"काडी धुंडता धुंडता सांज व्हई जाई," तो हसला. "तू ते मास्तरीणच व्हयनी!"

नोझलवरचं औषध त्याच्या पोटात गेलं. ते विष रक्तातून फटीत उतरलं अन् त्यानं सफाईवाल्याचे हात बांधले. माझा सांगावा मोडेना. त्यावर दुसरा साचला, तिसरा साचला. अभिमनची लाळ गळायला लागली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, अंगभर मांस फडफडायला लागलं. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस चोळण्यात वेळ गेला.

मग दवाखाना. सुया टोचल्या, लाळ आटली. पण सफाईवाला काही सुटला नाही, फार उशीर झाला होता.

"डॉक्टरसाहेब, देखा, दंड हाली ऱ्हायना!" वच्छलाबाई हरखली. "हुशारी उनी!"

बाई, ती अंगात आलेली हुशारी नव्हती. न मोडलेल्या सांगाव्यांचा धिंगाणा होता तो. शेवटी मांसच दमलं. दंड थांबला, पडदाही थांबला. डॉक्टर तोंडावर हवा भरायचा फुगा लावून दाबत राहिले. मी सांगावे फेकत राहिले. कुणी ऐकेना.

मित्रांनो, नोझल तुंबलं तर पाणी मारा, काडी घाला, पण तोंड लावू नका. फवारताना कुणाचं अंग फडफडलं तर कांदा शोधू नका, दवाखान्यात पळवा.

डॉक्टरांनी आत्ताच फुगा खाली ठेवला. वच्छलाबाईला वाटतंय, नवरा निजला. ती पदरानं वारा घालतेय. कुणीतरी सांगा रे तिला. मला तोंड नाही.