तेरा फुलांतला नकाशा

मुकादम घरात येऊन बावीस दिवस झाले होते आणि या बावीस दिवसांत गोधडीवाली तिच्याशी एक वाक्य धड गोड बोलली नव्हती. मुकादम म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नोकरीतून निवृत्त झाली, भाड्याची जागा सोडली आणि चार ट्रंका घेऊन भावाकडे कायमची राहायला आली. मुकादम हे नाव गोधडीवालीने मनातल्या मनात ठेवलं होतं. तोंडाने ती ‘ताई’च म्हणायची, पण अशा आवाजात की ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

आणि मुकादम तरी कसली कमी! घराचं काम सोमवारी सुरू होणार, म्हणून तिने सगळ्यांना कामाला जुंपलं होतं. स्वतः खुर्चीत बसायची आणि बोट दाखवायची. मंगळवारी भांडी खोक्यात, बुधवारी कपाटं रिकामी, गुरुवारी पडदे खाली. स्वयंपाकघराची भिंत पाडायची होती, नवीन न्हाणीघर काढायचं होतं, माडीवर जायला आतून जिना करायचा होता. मुकादमच्या बोटाला या सगळ्याचा नुसता उत्साह चढला होता.

गोधडीवालीचा जीव मात्र एकाच ठिकाणी अडकला होता: स्वयंपाकघरामागची तिची खोली. दहा बाय नऊ. उत्तरेला खिडकी, खिडकीखाली मशीन, भिंतीला कापडाच्या घड्यांची फळी. चौदा वर्षं ती तिथे गोधड्या शिवत होती. गल्लीत तिचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं, इतकी ती गोधडीवाली झाली होती. दुरुस्तीचा विषय निघाला त्याच दिवशी तिने नवऱ्याला समोर बसवून विचारलं होतं आणि नवऱ्याने ताटातून मान वर न करता सांगितलं होतं, “तुझ्या खोलीच्या एका विटेलाही कुणी हात लावणार नाही.”

तेवढ्या शब्दावर ती बाकी सगळं सोसत होती. हातात तीन कामं होती. जुळ्या बाळांच्या दोन दुपट्याएवढ्या गोधड्या, शेजारच्या मास्तरीणबाईंची भिंतीवर लावायची एक, आणि प्रदर्शनासाठी मोठी, षटकोनी फुलांची. प्रदर्शनाला एकोणीस दिवस उरले होते. मुकादमने एक खोकं भरायला सांगितलं की ही आधी एक फूल पुरं करायची, मग उठायची. “अगं, चिंध्या काय पळून जाताहेत का?” मुकादम म्हणायची. चिंध्या हा शब्द ऐकला की गोधडीवालीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तिने उत्तर दिलं, “नाही ताई. ज्यांनी पळायला हवं तेही कुठे पळताहेत?” त्यावर दोन दिवस घरात अबोला होता आणि ते दोन दिवस तिचं काम फार छान झालं.

षटकोनी फुलांची रीत अशी. जाड कागदाचे सारखे षटकोन कापायचे. प्रत्येकावर कापड घालून कडा मागे दुमडायच्या आणि कच्च्या टाक्यांनी कागदासकट धरून ठेवायच्या. मग असे सात तुकडे कडेला कड लावून जोडले की एक फूल. कागद आत असतो म्हणून कोपरे धारदार राहतात. सगळी फुलं एकमेकांना जोडून झाल्यावर, अगदी शेवटी कागद काढायचे. मधेच काढले तर बाहेरच्या कडा सैल पडतात आणि सगळी मेहनत मातीत.

जाड कागदाची तिला कधी ददात पडली नाही. नवरा पंपांच्या कारखान्यात नकाशे काढायचा. तिथले चुकलेले, रद्द झालेले नकाशे तो पाकिटात घालून घरी आणायचा आणि ती घडी न उलगडता चार-चार थर एकदम कापायची. कागदावर काय आहे हे तिने चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. रेघा असायच्या, आकडे असायचे, पंप असायचे. पाहायचं काय त्यात! कोरी बाजू वर ठेवायची आणि टाके घालायचे.

शनिवारी सकाळी ठेकेदार आला. बैठकीच्या खोलीत खोक्यांच्या मधून वाट काढत त्याने टेप उलगडला, दोन भिंती मोजल्या आणि म्हणाला, “साहेब, मंजूर नकाशाची शिक्का असलेली मूळ प्रत द्या. सोमवारी हातोडा मारायच्या आधी मला ती जागेवर लागते. उगाच कुणी येऊन काम बंद पाडायला नको.”

नवरा आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा, मग पुन्हा उघडल्याचा. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कपाट कुणी आवरलं?”

“मीच सांगितलं हिला,” मुकादम म्हणाली. “बुधवारी. का रे?”

“स्वेटरांच्या खाली एक पाकीट होतं. खाकी.”

गोधडीवालीच्या हातात सुई होती, ती हातातच राहिली. खाकी पाकीट तिला चांगलं आठवत होतं. नेहमीसारखंच पाकीट, आत नेहमीसारखाच घडी घातलेला जाड कागद. उलट नेहमीपेक्षा चांगला निघाला, म्हणून ती खूष झाली होती. गुरुवार-शुक्रवारात त्याची तेरा फुलं झाली होती.

“ते मी कापलं,” ती म्हणाली.

मुकादमने कपाळावर हात मारून घेतला. ठेकेदार आधी हसला आणि मग कुणीच हसत नाही हे पाहून टेप गुंडाळू लागला.

“पण नकाशा इंजिनीयरकडे आहे ना?” गोधडीवालीने नवऱ्याला विचारलं. “तीनदा विचारलं मी. तीनदा तुम्ही तेच सांगितलंत.”

“नाही हो वहिनी,” ठेकेदार मधेच म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण मदत करतोय. “मागच्या महिन्यातच मी साहेबांच्या हातात दिला.”

नवरा खोक्यांवरची धूळ झटकू लागला. त्याची ही जुनी सवय होती. दोन दगडांवर पाय ठेवायचे आणि पाणी वाढलं की डोळे मिटायचे.

“ते सगळं मागाहून बोला,” मुकादम म्हणाली. “आधी ती फुलं आण आणि उसव. परत मंजुरी घ्यायची म्हणजे दोन महिने. मी काय दोन महिने ट्रंकांवर झोपू?”

“उसवली तर माझी गोधडी प्रदर्शनाला जात नाही, ताई.”

“मग पुढच्या वर्षी जाईल! घर महत्त्वाचं का चिंध्या?”

गोधडीवाली ताडकन उठली. वाटलं, सुई ठेवावी आणि हिच्या चारही ट्रंका एकेक करून जिन्यावरून सोडून द्याव्यात. पण ठेकेदार म्हणाला, “वहिनी, सगळे तुकडे मिळाले तर पाठीमागून चिकटवून चालवून घेतील. शिक्का दिसला म्हणजे झालं.” तो माणूस अदबीने बोलला, आणि चूक तर तिचीच होती. ती आत गेली आणि तेरा फुलं घेऊन आली. दुसऱ्या कुणालाही तिने कात्री लावू दिली नाही. स्वतः जमिनीवर बसून कच्चे टाके कापत गेली, कागद काढत गेली. कागद निघाला की फुलाच्या कडा मऊ पडायच्या आणि ती ओठ आवळून पुढचं घ्यायची.

एक्क्याण्णव षटकोन निघाले. ते लावायचे कसे, हे त्या घरात तिला एकटीलाच कळण्यासारखं होतं. ठेकेदाराने दोन-चार लावून पाहिले आणि हात टेकले. नवऱ्याने वाकायचं नावच काढलं नाही. “राहू दे, मी सोमवारी इंजिनीयरला भेटतो, काहीतरी करतो,” असं तो दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा बहिणीने त्याला गप्प केलं.

गोधडीवाली रेघेला रेघ जोडत गेली. हे तिचं रोजचंच काम. आधी कडेचा जाड चौकोन आला, मग पुढचं दार, मग बैठकीची खोली. रेघा ओळखीच्या होत्या. अक्षरही ओळखीचं होतं. इंजिनीयरने नुसती सही केली होती, नकाशा तिच्या नवऱ्यानेच काढला होता. तेच त्याचं देखणं, एका उंचीचं अक्षर. स्वयंपाकघर जुळलं. त्याच्या मागे खिडकी आली. उत्तरेची. खिडकीच्या अलीकडे जे षटकोन बसत होते त्यांवर खाट काढलेली होती, कपाट काढलेलं होतं, दार नव्या न्हाणीघरात उघडत होतं, आणि मधोमध लिहिलं होतं, ‘ताईची खोली’.

तिला वाटलं, आपण चुकीचे तुकडे लावले. तिने ते उचलले, फिरवून पाहिले, पुन्हा लावले. दुसरीकडे कुठे ते बसेनात.

“माझी खोली कुठे आहे?” तिने विचारलं.

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं.

ती पुढे जोडत राहिली. नव्या जिन्याच्या खाली, तिरप्या भागात, एक छोटा चौकोन निघाला. त्यात बारीक अक्षरात ‘शिवण’. बाजूला माप होतं, तीन फूट बाय दोन फूट. मशीनचं टेबल बरोबर तेवढं होतं, अर्ध्या इंचाचाही फरक नाही. म्हणजे याने ते मोजलं होतं. ती भाजी आणायला गेली असताना खोलीत शिरून, टेप लावून मोजलं होतं.

“यात मशीन बसतं,” ती म्हणाली. “मी कुठे बसते?”

“अगं, स्टूल बाहेर काढून—”

“खिडकी?”

“तिथे दिवा दिलाय. बघ, खूण आहे.” त्याने खरंच बोट दाखवलं. नकाशे काढणारा माणूस, त्याला दिव्याच्या खुणेचा आधार वाटला.

आता मुकादम खुर्चीतून उठली. “म्हणजे हिला माहीतच नव्हतं? तू मला काय सांगितलंस? हिने आपणहून खोली दिली, म्हणालास. मोठ्या मनाने दिली म्हणालास! त्यावर मी माझी जागा सोडली.”

“सांगणारच होतो,” तो म्हणाला.

“कधी?” गोधडीवालीने विचारलं.

तिने पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्याने. ठेकेदार दाराकडे सरकला.

“भिंत पडल्यावर,” नवरा म्हणाला. “मग तू काही बोलली नसतीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. झालं ते झालं म्हणून तू कामाला लागतेस.”

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू तिचं कौतुकच करतोय. तिच्या डोळ्यांपुढे चौदा वर्षं नाही, बावीस वर्षांचा सगळा संसार उभा राहिला, आणि त्यात किती भिंती अशा आधी पाडून मग सांगितल्या गेल्या, ते तिला एकदम मोजता येईना. राग आला, नुसता राग. रडू अजिबात आलं नाही.

शेवटचे चार षटकोन उरले होते. ते तिने खालच्या कोपऱ्यात लावले. शिक्का आला, तारीख आली, मालकांच्या सह्या आल्या. दोन सह्या. एक त्याची आणि एक तिची. कापड बेतत असताना त्याने घडी घातलेला कागद पुढे करून ‘इथे कर’ म्हटलं होतं आणि तिने दातांत दोरा धरून केली होती.

“झाला की पुरा!” ठेकेदार खाकरून म्हणाला. “चिकटपट्टी आणतो मी गाडीतून.”

“नको,” ती म्हणाली. “माझी सही मी काढून घेतेय. तुम्ही ऐकलंत, साहेबांनी मला न दाखवता घेतली. सोमवारी भिंतीला हातोडा लावलात तर मी स्वतः मंजुरीच्या कार्यालयात जाऊन हे सांगीन.”

ठेकेदाराने साहेबांकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग दाराकडे. “तुमचं घरात काय ते ठरू द्या,” असं म्हणून त्याने चपला पायात सरकवल्या आणि गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचं तिघांनीही ऐकलं.

“आणि मी कुठे राहायचं?” मुकादमने विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली होता. “मला परत ती जागा मिळायची नाही.”

“ते नकाशा काढणाऱ्याला विचारा.”

“मी तुझं काही वाकडं केलं नव्हतं गं.”

“चिंध्या म्हणत होतात तुम्ही.”

मुकादम खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. नवरा खाली वाकला आणि षटकोन गोळा करू लागला, बहुधा पाकिटात घालून पुन्हा कुठेतरी दडवावेत म्हणून.

“द्या इकडे,” गोधडीवाली म्हणाली. “तेरा फुलं सैल पडली आहेत. मला सगळे कागद लागणार आहेत.”

त्याने ओंजळभर षटकोन तिच्यासमोर ठेवले. तिने चाळून त्यातला एक वेगळा काढला, ‘ताईची खोली’ लिहिलेला. त्यावर लाल कापड ठेवलं, कडा मागे दुमडल्या आणि पहिला टाका घातला. मुकादम समोरच उभी होती, तिला ते अक्षर कापडाखाली जाताना दिसलं. गोधडीवालीलाही ती पाहतेय हे कळलं होतं. तिने दुसरा टाका घातला आणि दोरा घट्ट ओढला.